नाल्यावरची बागड

सकाळी पावणेसहाला फोन वाजला की नाव बघावं लागत नाही. पलीकडच्या शेताचे पटेलसाब असतात. "भाभीजी, भिंगरी आई है," एवढंच बोलतात आणि ठेवून देतात. माहेरवाशीण आल्यासारखं. आई है म्हणजे आमची भिंगरी गाय त्यांच्या सोयाबीनमध्ये उभी आहे, आणि एकटी नाही, मागोमाग आणखी चौघी आहेत.

आम्ही राहतो इंदूरला, लोकमान्य नगरात. शेत कंपेलच्या बाजूला, अकरा बिघे, सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, घेतलेलं. इंदूर मोठं व्हायच्या आधी कंपेल हे परगण्याचं ठाणं होतं, हे अण्णा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. त्याच टेकाडांच्या भागात क्षिप्रेचा उगम आहे आणि आमच्या शेतातून जाणारा नाला पुढे तिलाच मिळतो. माझे यजमान बँकेत. म्हणून शेत आणि चौदा गुरं माझ्या वाट्याला आली. थोड्या माळवी, थोड्या गीर, बाकीच्या संकरित. भिंगरी ही अर्धी गीर, तांबडी, लांब कानांची, आणि डोक्याने आम्हा सगळ्यांपेक्षा तल्लख.

तीन बाजूंनी तारेची बागड होती. इथे कुंपणाला बागडच म्हणतात, मग ती बाभळीच्या काट्यांची असो की तारेची. चौथ्या बाजूला नाला. वरच्या अंगाला तो काळ्या खडकाच्या पायरीवरून आत येतो, तिथून गुरं चढत नाहीत. खालच्या अंगाला मात्र जिथून बाहेर पडतो तिथे बावीस फुटांची मोकळी वाट. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत पात्र कोरडं. गुरांच्या दृष्टीने तो नाला नाहीच, पटेलसाबांच्या शेताकडे जाणारी खोलगट, सावलीची, मुरमाड सडक आहे.

अण्णांच्या काळात ही भानगड नव्हती. दिवाळीनंतर ते बाभळीच्या फांद्या तोडून नाल्यात आडव्या टाकायचे. पहिल्या पावसात त्या वाहून जायच्या आणि पावसाळाभर गुरं गोठ्यात बांधलेली असायची. फांद्या फुकट, गेल्या तर हळहळ नाही. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या माणसाला सगळं कळत होतं. पण मला गुरं मोकळी चरायला हवी होती, कारण बांधून चारा घालायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही.

नाला काय करू शकतो ते मी 2020 साली पाहिलं होतं. हरतालिकेच्या दिवशी, 21 ऑगस्टला, पाऊस सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी गणपती बसेपर्यंत इंदुरात चोवीस तासांत दहा इंचांहून जास्त पडला. आम्ही मूर्ती आणायला गुडघाभर पाण्यातून गेलो होतो. शेतावर चार दिवसांनी पोचलो, तर गोठ्याच्या दाराशी चिखलाचा थर आणि नाल्याकाठच्या बाभळीच्या बेचक्यात, माझ्या हनुवटीच्या उंचीवर, गवताचा एक भिजका गोळा अडकलेला. सोयाबीनचं काड, पॉलिथिन, बेशरमाच्या काड्या, सगळं पिळून बसवल्यासारखं. मी तो काठीने पाडला आणि विसरले. पाडायला नको होता. का ते पुढे सांगते.

2021 च्या मे महिन्यात मी पहिली बागड घातली. डोकं काहीच चालवलं नाही. बाजूची काटेरी तार होती तीच पुढे ओढली, नाल्याच्या मधोमध एक सिमेंटचा खांब गाडला, पाच पदर, ताणून ताणून. तार वाजवली तर सतारीसारखी झणझणत होती. पटेलसाबही म्हणाले, "वा, पक्का काम।"

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री नाला आला. फार मोठा नव्हे, कमरेइतका. आधी बेशरमाची झुडपं आली असणार, ती तारेला अडकली. त्यांना काड अडकलं, काडाला चिखल. मधला खांब बुंध्यातून मोडला. तरी तार काही तुटली नाही, आणि तिथेच घात झाला. नाल्यावरची तार आणि शेताच्या बागडीची तार एकच होती ना! पाण्याने तार ओढली तसा काठावरचा पहिला खांब गेला, त्याने दुसऱ्याला ओढलं, आणि असे अकरा खांब ओळीने आडवे. जिथे पाणी पोचलंही नव्हतं तिथले खांब उताणे पडलेले.

चिखलातून काटेरी तार सोडवण्याचं काम ज्याने केलंय त्यालाच माहीत. ती सरळ येतच नाही. एक टोक ओढलं की दुसरीकडे कुठेतरी जमिनीखाली गाठ घट्ट होते. हातमोजे फाटले, उजव्या तळव्यात काटा घुसला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले आणि पुन्हा ओढत बसले. दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत भिंगरी तीनदा पलीकडे जाऊन आली.

पुढच्या वर्षी मला राग होता. नाल्यावर राग धरणं हे किती हास्यास्पद आहे हे तेव्हा कळत नव्हतं. या वेळी पक्कंच काम, असं ठरवून लोखंडी अँगल आणले, खड्डे करून सिमेंट-गिट्टीत बसवले, चार मधे आणि एकेक दोन्ही काठांवर. त्यांना चेनलिंकची जाळी, पाच फूट उंच, खालपर्यंत. बाजूच्या बागडीपासून वेगळी ठेवली, एवढी अक्कल आली होती. मिस्त्री म्हणाला, "अब हाथी भी नी हिला सकता।" हत्तीने प्रयत्न केला नाही. नाल्याने केला.

2022 चा ऑगस्ट. त्याच महिन्यात शेजारच्या धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या धरणाच्या मातीच्या भिंतीतून पाणी गळायला लागलं होतं, खालची गावं रिकामी केली होती आणि शेवटी बाजूने चर खणून तलाव रिकामा करावा लागला. टीव्हीवर ते पोकलेन रात्रंदिवस चर खणताना आम्ही बघत होतो. मला काय ठाऊक, माझ्या शेतात मीही एक धरण बांधून ठेवलंय आणि त्याचा चर नाला स्वतःच खणणार आहे.

झालं तसंच. जाळीला पाचोळा लागला आणि तासाभरात ती जाळी उरली नाही, भिंत झाली. अँगल हलले नाहीत. एकसुद्धा. पाणी मागे चढलं, उजव्या काठावरून पलटलं आणि काठाच्या खांबाला वळसा घालून काळी माती कापत सुटलं. सकाळी बघते तर अँगल मधोमध शिपायासारखे उभे, जाळी जागच्या जागी, आणि त्यांच्या शेजारून नऊ फूट रुंदीचा नवा नाला. तिथली माती, म्हणजे अण्णांनी तीस वर्षं शेणखत घातलेली माती, क्षिप्रेच्या वाटेला लागली होती. मिस्त्रीला कळवलं तर त्याने फोटो मागवला आणि लिहिलं, "देखा मैडम, एंगल नी हिले।"

त्या रात्री माझा भाचा घरी आला होता. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता तेव्हा. जेवताना त्याने पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. अडवलेलं पाणी एक मीटर खोल असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर रुंदीवर साधारण पाचशे किलोचा रेटा. तुझा नाला सात मीटर. म्हणजे साडेतीन टन, नुसतं उभं पाणी धरलं तर. वाहत्या पाण्याचा जोर वेगळा, आणि वेग दुप्पट झाला की तो जोर चौपट होतो. खोली दुप्पट झाली तरी चौपट. "मामी, तू जाळी नाही लावलीस, तू शटर लावलंस." मग आमटी वाढून घेत म्हणाला, "अडवू नकोस. गाय अडली पाहिजे, पाणी नाही. गाय पाण्यापेक्षा खूप हलकी असते."

हे वाक्य मी आठवडाभर डोक्यात घोळवत होते. तेच दुसऱ्या तोंडून आलं ते आमच्या गावच्या बांच्या. बा म्हणजे आयुष्यभर गावची गुरं राखलेला माणूस, आता सत्तरीपुढचा, नाल्याकाठी बिडी ओढत बसलेला असतो. उभे अँगल बघून म्हणाला, "बई, यो पाणी तो निकलेगाज. तू सोच के कां से निकालनो हे." पाणी जाणारच आहे, कुठून जाऊ द्यायचं एवढंच तू ठरव. मग मला म्हणाला, 2020 चं पाणी कुठवर आलं होतं दाखव. मी बाभळीकडे बोट केलं आणि आठवलं, तो गवताचा गोळा मीच पाडला होता. पुराची खूण झाडं वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतात, आणि मी साफसफाई केली होती. बा उठला, आणखी वरच्या एका अर्जुनाच्या झाडापाशी गेला (इथे त्याला कहुआ म्हणतात) आणि सालीवरची मातकट रेघ दाखवली. तिथपर्यंत पात्रापासून मोजलं तर साडेसात फूट भरलं. बाभळीच्या गोळ्याशी ते जुळत होतं, माझी हनुवटी मला माहीत होती.

2023 च्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा काम काढलं. सगळ्यात आधी जागा बदलली. जुनी जागा नाल्याच्या वळणावर होती, कारण तिथे शेताची हद्द सरळ येत होती. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ खातं, हे नाल्याकडे नीट पाहिलं तर दिसतंच: एका बाजूला कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला गोट्यांची पुळण. आम्ही चाळीस फूट वर सरकलो. तिथे पात्र सरळ, तळ खडकाळ, दोन्ही काठ मुरमाचे. चाळीस फुटांचा तो तुकडा बागडीबाहेर गेला याचं ह्यांना फार वाईट वाटलं. मी म्हटलं, ती जमीन तशीही मागच्या वर्षी निघूनच गेली. पटवाऱ्याच्या नक्शात नाला सरकारी आहे, पात्रात काही पक्कं बांधायचं नाही, हेही तेव्हाच नीट समजून घेतलं. जुने अँगल कापून काढायला लावले. ते काढायला बसवण्यापेक्षा जास्त मजुरी लागली.

मग दोन्ही काठांवर शेताच्या बागडीची टोकं बंद केली. म्हणजे तार तिथेच संपते, पुढे जात नाही. शेवटचे दोन खांब एकमेकांना आडव्या दांडीने जोडून त्यांच्यात तिरकी तार पिळली, इंग्रजी एचसारखं दिसतं. आता नाल्यावरचं सगळं गेलं तरी बागड आपल्या पायावर उभी राहणार. मला विचाराल तर या सगळ्या कामात पैसे घालावेत ते इथेच. बाकीचं जुगाडाने भागतं.

नाल्यावर मात्र एकही खांब पात्रात नाही. वरून फक्त एक लोखंडी दोर, या काठावरून त्या काठावर, आणि त्याला लोंबत्या बांबूच्या ताट्या. पाणी आलं की ताट्या उचलल्या जाणार, गाळ-काड खालून निघून जाणार, पाणी उतरलं की परत खाली. बांबूच घेतला कारण तो तरंगतो. पत्रे लटकवा, टायर लटकवा असे सल्ले मिळाले होते. पत्रा पाण्यात पात्यासारखा फिरतो आणि दोर कापायला बघतो. टायरमध्ये पाणी आणि डास. भरीव लाठी बांबू इथे सहज मिळतो, गाय त्याला वचकते आणि मोडला तर नवा बांधता येतो.

दोर लोहा मंडीतल्या एका भंगारवाल्याकडून, बारा मिलिमीटरचा, क्रेनवरून उतरवलेला. नवा असता तर सात-आठ टनांपर्यंत तुटला नसता. हा जुना, म्हणून निम्म्यावर धरला. क्लॅम्प, दोराच्या फासात बसवायचं थिंबल, ताण कमीजास्त करायचा टर्नबकल सियागंज बाजारातून. तिथल्या दुकानदाराने एक गोष्ट शिकवली जी भाच्याच्या पुस्तकातही नव्हती म्हणे. दोराचं टोक वळवून यू क्लॅम्पने आवळतात, तेव्हा क्लॅम्पचा खोबणीचा भाग ताणाच्या दोरावर यायला हवा आणि गोल बोल्ट मोकळ्या शेपटीवर. उलटं लावलं तर बोल्ट ताणाच्या दोराला चावतो. "और तीन से कम मत लगाना बेनजी, दो का भरोसा नी।" त्याने काउंटरवर सुतळीच्या तुकड्यावर करून दाखवलं, मग माझ्याकडून करवून घेतलं. तीनदा.

दोर बांधायला अर्जुनाचं झाड समोरच उभं होतं. मोह झाला. पण दोर सालीत रुतला की झाड हळूहळू गळा दाबल्यासारखं मरतं, आणि त्याच्यावर तर आमची पुराची रेघ होती. म्हणून दोन्हीकडे चार इंची पाइप उभे केले, साडेचार फूट खोल, आणि त्यांच्या मागे दहा फुटांवर चर खणून सिमेंटचा जुना खांब आडवा पुरला. दोर पाइपच्या डोक्यावरून जाऊन त्या पुरलेल्या खांबाला बांधला. माळव्याची काळी माती म्हणजे सासूबाईंच्या भाषेत सासुरवाशिणीसारखी: पावसात फुगते, उन्हात भेगाळते, वर्षातून दोनदा रूप बदलते. तिच्यात नुसता खांब गाडला की दोन वर्षांत कलतो. म्हणून खड्ड्यांत काळी माती परत घातलीच नाही, मुरूम घालून धुमसाने ठोकला.

दोर ताणायला गेले आणि भाचा ओरडला. "मामी, सतार नकोय!" दोराला जितकं पोट कमी तितका खांबांवर ताण जास्त. सात मीटरच्या दोराला एक फुटाऐवजी दोन फूट पोट दिलं की ताण निम्मा होतो. म्हणून सैल ठेवला, पण पोटाचा सगळ्यात खालचा बिंदूही पात्रापासून नऊ फुटांवर राहील असा, म्हणजे अर्जुनाच्या रेघेपेक्षा दीड फूट वर. दोर स्वतः कधी पाण्यात जाऊ नये. गेला तर ओंडके त्याला येऊन बसतात.

ताट्या पाच. प्रत्येक चार-साडेचार फूट रुंद, उभे बांबू सहा-सहा इंचांवर, दोन आडव्या कामट्या. एकमेकींना बांधलेल्या नाहीत, प्रत्येक आपली आपण हलते. खाली पात्रापासून वीतभर मोकळं, म्हणजे रोजचं पाणी आणि पाचोळा खालून जातो. आणि आता तो भाग ज्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि मला अजूनही सगळ्यात आवडतो.

प्रत्येक ताटी दोराला दोन जागी टांगलेली आहे. एका कोपऱ्यात साखळी, पक्की. दुसऱ्या कोपऱ्यात मुद्दाम कच्ची गाठ. पूर मोठा आला, ताटीला काड चिकटलं, ती उचलली जाईना, तर कच्ची गाठ तुटावी, ताटी साखळीच्या एका कोपऱ्यावर लोंबत प्रवाहाच्या दिशेने आडवी व्हावी, आणि पाण्याला वाट मिळावी. ताटी वाहून जाणार नाही, दोराला ओढणार नाही. प्रश्न एवढाच की कच्ची म्हणजे किती कच्ची?

आधी सुतळी बांधली, चार पदरी. तिसऱ्या दिवशी भिंगरीने मान घासून तोडली. मग नायलॉनची दोरी, ती काही केल्या तुटेना. शेवटी सळया बांधायची बाइंडिंग तार आणली, अठरा नंबरची, तिचं एक वेटोळं. आंब्याच्या फांदीला तसं वेटोळं बांधून मी त्याला लोंबकळले; टिकलं. मी बासष्ट किलो. मग भाचा लोंबकळला. तट्कन तुटलं आणि तो शेणात. तो ब्याऐंशी किलो. म्हणजे आपल्याला हवं ते या दोघांच्या मधेच कुठेतरी. गाय ढकलते ती सहसा कपाळाने, सवडीने, आणि ताटी मागे झुलते, त्यामुळे तिचा जोर गाठीपर्यंत पूर्ण पोचतच नाही. हिशेब पास.

ताटी झुलते हे भिंगरीला दोन दिवसांत कळलं, हे ओघानेच आलं. कपाळ लावून ढकलायची आणि खालून सरकायची. म्हणून प्रत्येक ताटीला तळाशी जड बांबूची आडवी दांडी बांधली आणि आतल्या बाजूने, आडवी, झटका मशीनची एक तार घेतली. सोलर झटका मशीन इकडे आता रोजड्यांसाठी, म्हणजे नीलगायींसाठी, बऱ्याच शेतांवर असतं. सेकंदाला एखादा, क्षणभराचा झटका. चमका बसतो, जीव जात नाही. घरच्या लाइनची वीज तारेत सोडणारे महाभाग आहेत अजून. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत, ते कुणी सुचवलं तरी ऐकू नका. झटक्याची अडचण वेगळी: तार पाण्याला किंवा ओल्या काडाला टेकली की झटका तिथेच जमिनीत उतरतो आणि सगळ्या शेताची बागड मेल्यासारखी होते. म्हणून नाल्यावरच्या तारेला वेगळा स्विच ठेवला. ढग दिसले की तो बंद करायचा. हे काम बांनी स्वतःकडे घेतलं. त्याला स्विच आवडतो.

जूनमध्ये सगळं तयार झालं आणि पाऊसच आला नाही. म्हणजे जुलैत बरा झाला, पण 2023 चा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला. सोयाबीन शेंगा भरायच्या वेळेला माना टाकत होतं. पटेलसाब रोज आभाळाकडे बघायचे. मी नाल्याकडे बघणंच सोडलं. पात्रात बेशरम वाढला, ताट्यांच्या आरपार, आणि मी म्हटलं, दिवाळीत काढू.

पोळा 14 सप्टेंबरला होता. बैल आता एकच जोडी आहे, तीही अण्णांच्या आठवणीसाठी ठेवलेली. शिंगं रंगवली, पुरणपोळी दिली, संध्याकाळी इंदूरला परत आलो. दुसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाला तो थांबेना. सोळा तारखेला शहरात जिकडे तिकडे पाणी, शेताच्या रस्त्यावरची पुलिया पाण्याखाली. बांचा फोन दुपारी आला, स्विच बंद केलाय एवढं सांगायला. नाल्याचं काय, विचारलं तर म्हणाला, "नालो तो दिखी नी रियो. पाणी दिखी रियो."

सतराला गेलो. मी गाडीतून उतरून आधी खांबांची ओळ बघितली. दोन्ही काठांवर बागड उभी. दोर जागेवर. पाचपैकी दोन ताट्या जणू काही झालंच नाही अशा लोंबत होत्या. तीन ताट्यांच्या कच्च्या गाठी तुटल्या होत्या आणि त्या साखळीला लटकून उताराच्या दिशेने पसरल्या होत्या, ओल्या साडीसारख्या. मधलीला बेशरमाचा, मी दिवाळीत काढणार होते तो, भाराभर गुंता; त्यात एक गुलाबी प्लास्टिकची चप्पल, कुणाच्या तरी मोटरीच्या फूट व्हॉल्व्हसकट चार हात पाइप आणि एक आख्खा कद्दू, साल न खरचटलेला. अर्जुनावर नवी ओली रेघ होती, जुन्या रेघेच्या दीड वीत खाली.

गाठी बांधायला दोन तास लागले, तेही बेशरम काढण्यामुळे. तार लागली दीड हात. मी खरंच हसत होते. तेवढ्यात फोन वाजला. दुपारचे साडेअकरा, पण नाव बघावं लागलं नाही.

"भाभीजी, भिंगरी आई है।"

ताट्यांमधून नव्हती गेली. डाव्या काठाला, जिथे शेवटची ताटी उताराला टेकते, तिथे पाण्याने दीड फूट माती नेली होती आणि त्रिकोणी फट पडली होती. मी ताट्यांकडे बघत उभी होते तोवर तिने फट शोधली, पोट घासत गेली, आणि पटेलसाबांच्या सोयाबीनमध्ये, जे कसंबसं वाचलं होतं, नाश्ता करत होती. लाल केस बांबूला नव्हे, काठाच्या मुळ्यांना चिकटलेले होते. पटेलसाबांकडे त्या आठवड्यात दोन किलो तूप पोचवलं. त्यांनी कद्दू मागितला. तो त्यांच्याच वेलीचा होता, म्हणाले.

त्या फटीचं काम अजून चालूच आहे, खरं सांगायचं तर. शेवटची ताटी उताराच्या तिरक्या रेषेत कापली. मग जाळीच्या पिशवीत काळे दगड भरून काठाला पायरीसारखे रचले; एका पावसाळ्यात ते खचले, पुन्हा रचले, या वेळी पायथा पात्राच्या खडकापर्यंत नेऊन. काठावर बांनी निर्गुडी आणि वाळा लावला, त्याची मुळं धरतील म्हणतो. पटेलसाबांनी आपल्या खालच्या हद्दीवरही असंच करायचं ठरवलंय. भाच्याला बोलावून मापं घेतली आणि मला विचारलं, कच्ची गाठ कितीची ठेवायची. मी म्हटलं, तुमच्या घरात साठ आणि ऐंशी किलोचं कोण आहे?

बांबू आता दुसऱ्यांदा बदललेत. मे महिन्यात बेशरम कापायचा, दोराला ग्रीस, क्लॅम्प पुन्हा आवळायचे, तारेचं एक बंडल गोठ्याच्या खुंटीला टांगून ठेवायचं.

या जूनमध्ये भिंगरीची कालवड पहिल्यांदाच नाल्यात उतरली. ताटीपाशी गेली, बांबूला नाक लावलं, झटक्याची तार कानाला चाटून गेल्यावर चार पावलं मागे उडाली. जरा वेळ उभी राहिली. मग आईसारखीच मान तिरकी करून डाव्या काठाच्या दगडांकडे बघायला लागली, बराच वेळ, आणि मी पक्कड घेऊन खाली उतरले.